विसू शिंप्याचं ओत कुतूर

एका गावात एक भोळा शिंपी होता. गावाचं नाव कुसळगाव, शिंप्याचं नाव विसू. ‘या गावात माझ्यासारखा शिंपी शोधून सापडायचा नाही,’ असं तो छातीवर हात ठेवून सांगायचा. आणि लगेच पुढं म्हणायचा, ‘म्हणजे दुसरा शिंपीच नाही. एक होता, तो शहाणा होता. तो साताऱ्याला गेला.’

विसूचं मशीन चावडीच्या ओट्यावर होतं. आजाच्या वेळेपासून तिथंच. विसूचा टाका असा, की कापड फाटेल पण शिवण उसवायची नाही. हात सोन्याचा होता. डोक्याचं मात्र विचारू नका. एकदा एका म्हाताऱ्यानं सांगितलं, ‘विसू, खिसा असा शिव की तंबाखूची चिमूट खाली पडता कामा नये.’ विसूनं खिशाचं तोंडच शिवून टाकलं. चिमूट काही पडली नाही. आतच गेली नाही तर पडेल कुठून?

विसूची बायको ठकू. काज-बटणं ती करायची आणि नवऱ्यानं केलेलं निस्तरायचीही तीच. त्या खिशाच्या वेळी ती म्हणाली, ‘अवो, कुणी काही शिकवलं तर खूणगाठ बांधत जा जरा.’

‘असं होय,’ म्हणाला विसू, आणि त्यानं मापाच्या टेपला गाठ मारली.

तेव्हापासून धडा मिळाला की टेपला गाठ. टेप आखूड होत गेला आणि गावातल्या लोकांचे सदरे तंग होत गेले. लोकांना वाटायचं, आपण जाड होतोय.

आता या गावात आण्णासाहेब गव्हाणे होते. सरपंच त्यांची बायको होती. म्हणजे सही ती करायची आणि सरपंच हे व्हायचे. अंगानं गोल, उंचीनं बेताचे. खुर्चीत बसले की पाय जमिनीला टेकायचे नाहीत, म्हणून ते पाय हलवत बसायचे. लोकांना वाटायचं, आण्णा विचार करतायत.

आण्णांनी मुलीचं लग्न पुण्यात ठरवलं. व्याही श्रीरंगराव देशमाने. बैठकीत श्रीरंगराव म्हणाले, ‘साखरपुड्याला आम्ही ओत कुतूर घालून येणार बरं का.’

आण्णांनी हा शब्द जन्मात ऐकला नव्हता. पण मुलीचा बाप झाला म्हणून काय झालं, अडाणी दिसायचं कशाला? ते म्हणाले, ‘त्यात काय? आम्ही तर रोजच घालतो. आमच्या गावातच शिवतात.’

झालं. बोलून बसले. आता पुण्यातनं विकत आणायची सोय राहिली नाही. आण्णांनी मोरपंखी रेशमाचं आख्खं थान विकत घेतलं आणि चावडीच्या ओट्यावर आणून आपटलं.

‘विसू, मला ओत कुतूर पाहिजे.’

‘म्हणजे काय आण्णा?’

आता हे आण्णांना तरी कुठं ठाऊक? ते डोळे वटारून म्हणाले, ‘शब्दातच सगळं आलंय की. ऐकलं तसं कर. आणि हे बघ, या ओट्यावर माझ्या भाच्याला मोबाईलचं दुकान टाकायचंय. काम जमलं, तर ओटा तुझा, तसा कागद करून देतो. नाही जमलं, तर साखरपुड्याच्या दुसऱ्या दिवशी मशीन उचलायचं.’

आजाचा ओटा. विसूनं मशीनवरचं काम बाजूला सारलं. तो शब्द पुन्हापुन्हा तोंडात घोळवत बसला. ओत कुतूर. ओत कुतूर. ‘ओत म्हणजे ओत. एवढं तर आपल्याला कळतं. कुतूर म्हणजे काय? इंग्रजीत जरा चावून बोलतात. कुतूर म्हणजे कुत्रं. आता ओतायचं काय? कपड्याचा विषय आहे. म्हणजे खळ!’

आण्णांच्या दारात टायगर नावाचं कुत्रं होतं. पांढरं, झुबकेदार, शहरातनं आणलेलं, मांजराला भ्यायचं. विसूनं पातेलंभर खळ शिजवली, निवू दिली, आणि नेऊन टायगरच्या अंगावर ओतली. कामात कसूर नको म्हणून शेपटीलाही नीट चोळली. मग त्याला उन्हात बांधलं.

दुपारपर्यंत टायगर कडक झाला. कान इस्त्री केल्यासारखे उभे. ओळखीचं माणूस दिसलं की तो शेपूट हलवायला जायचा, तर सगळा टायगर हलायचा.

आण्णा धावत आले. ‘विसोबा शिंपी! हे काय केलंस?’

‘ओत कुतूर केलं आण्णा. ऐकलं तसंच.’

‘अरे कुत्र्याचा काय संबंध! तो इंग्रजी शब्द आहे, कपड्याचा! गुरुजींना विचार. आणि लक्षात ठेव, विचारल्याशिवाय कशालाही हात लावायचा नाही!’

‘असं होय,’ म्हणाला विसू. टेपला गाठ मारली.

गुरुजींकडं एक जाडजूड इंग्रजी कोश होता. त्यावर डोकं ठेवून ते रोज दुपारी झोपायचे. त्यामुळं बरंच इंग्रजी त्यांच्या डोक्यात शिरलं होतं. ते उशी उघडून म्हणाले, ‘विसोबा, शब्द मुळात फ्रेंच. इंग्रजांनी उचलला आणि परत केला नाही, त्यांची सवयच ती. ओत म्हणजे उंची. कुतूर म्हणजे शिवण. उंची कपडे! हे कपडे मशीनवर नाही, हातानं शिवतात. शेवटचा टाका तर माणसाच्या अंगावरच घालतात.’

‘उंची कपडे,’ विसू म्हणाला. ‘मग अवघड आहे.’

‘का रे?’

‘आण्णांना उंचीच नाही.’

पण काम तर करायला हवं. विसूनं आण्णांना मापासाठी ओट्यावर बोलावलं. विचारल्याशिवाय हात लावायचा नव्हता. ‘आण्णा, खांद्याला हात लावू का?’ लाव. ‘छातीला लावू का?’ लाव रे. ‘पोटाला लावू का? एका हातात मावायचं नाही, दोन्ही लावू का?’ ओट्याखाली बायका पाण्याला चालल्या होत्या. त्या पदर तोंडाला लावून उभ्याच राहिल्या.

आण्णांच्या अंगात उंची नाही, तर ती कपड्यात घालायला हवी, असा विसूनं हिशेब केला. त्यानं आठ हात लांबीचा कोट शिवला. आण्णांनी तो ओट्यावर उभं राहून अंगात घातला. कोट ओट्यावरून खाली उतरून रस्त्याला लागला.

‘हे काय?’

‘उंची कपडा.’

आण्णा रागानं एक पाऊल पुढं आले. पाय कोटात अडकला. ते झुकले, हात हवेत फिरवू लागले. विसू अगदी जवळ उभा होता. त्यानं दोन्ही हात पुढं केले, तेवढ्यात त्याला गाठ आठवली.

‘आण्णा, धरू का?’

‘ध...’ म्हणेपर्यंत आण्णा खाली. पडले ते नेमके मागोमाग आलेल्या टायगरवर. टायगर अजून पुरता मऊ झाला नव्हता.

‘धरू का म्हणून विचारतोस?’ आण्णा कंबर चोळत ओरडले.

‘तुम्हीच म्हणालात...’

‘विचारत बसायचं नाही! काम दिसलं की करून मोकळं व्हायचं! आणि उंची म्हणजे लांबी नव्हे, बैला. उंची म्हणजे भारी! मी घालून चाललो की लोक म्हणाले पाहिजेत, आण्णांचं वजन वाढलं!’

‘असं होय.’ टेपला दोन गाठी.

एव्हाना गावात तो शब्द पसरला होता. अर्थ कुणालाच ठाऊक नव्हता, त्यामुळं वापरायला कुणाचीच अडचण नव्हती. भाजीवाली ओरडायची, ‘वांगी घ्या, ओत कुतूर वांगी!’ न्हाव्याला गिऱ्हाईक सांगायचं, ‘मिशी ओत कुतूर ठेव.’ एका सासूनं सुनेला म्हटलं, ‘तुझ्या माहेरचं सगळंच ओत कुतूर!’ आणि सून दोन दिवस जेवली नाही.

इकडं विसूला ‘भारी’ कपडा शिवायचा होता. कोट कापून बेताचा केला, हातात घेऊन बघितला, तर हलका. विसू नाना वाण्याच्या दुकानापुढनं चालला होता. समोर वजनं दिसली. नाना आत शेंगदाणे निवडत बसला होता. विचारत बसायचं नव्हतं, दिसलं की करून मोकळं व्हायचं होतं. विसूनं पाच-पाच किलोची दोन आणि दोन-दोन किलोची दोन वजनं पिशवीत घातली आणि चालू लागला. पाचाची कोटाच्या घेरात शिवली, दोनाची छातीवर, डावी-उजवी. विसूचाच टाका तो, वजन जागचं हलणार नाही.

त्या दिवशी ग्रामसभा होती. आण्णा बायकोच्या खुर्चीत बसले. दोघांनी धरून विसूचा कोट त्यांच्या अंगात चढवला. ‘कसा वाटतो आण्णा?’ विसूनं विचारलं.

‘भारी आहे,’ आण्णा म्हणाले. आवाज जरा दबलेला होता.

मग भाषणाची वेळ आली. आण्णा उठायला गेले. उठवेना. पुन्हा जोर लावला. खुर्ची करकरली, आण्णा जागेवरच. लोक वाट बघत होते. कुणीतरी म्हणालं, ‘आण्णा आज बोलत नाहीत. ठराव मंजूर!’ आणि पाच मिनिटांत सभा संपली. कुसळगावात अशी सभा कधी झाली नव्हती. लोक खूश. मागनं एकजण म्हणाला, ‘शब्दाला नाही तर नाही, कोटाला तरी वजन आलं.’

तेवढ्यात नाना वाणी ओरडत आला. ‘माझी वजनं! सकाळपासनं गावाला अंदाजानं साखर देतोय मी!’ आणि त्याला घेराच्या फटीतनं ओळखीचं लोखंड दिसलं. त्यानं ओढलं. टाका तुटेना, पण रेशीम फाटलं. पाच किलो आण्णांच्या अंगठ्यावर.

‘विसू!’ आण्णा एका पायावर नाचत म्हणाले. ‘अरे, भारी म्हणजे वजनदार नव्हे! भारी म्हणजे एकमेव! त्याच्यासारखा दुसरा असता कामा नये! एकच! दुसरा आला की ओत कुतूर संपलं, कळलं?’

‘कळलं की आण्णा. हे आधीच सांगायचं नाही का?’

गाठ.

साखरपुड्याला तीन दिवस राहिले. विसूनं मान मोडून काम केलं आणि कोट-विजार घेऊन आण्णांच्या घरी गेला. आण्णांनी डावा हात बाहीत घातला. उजवा हात घालायला गेले. बाहीच नाही.

‘दुसरी बाही?’

‘नाही. दुसरी आली की संपलं. तुम्हीच म्हणालात.’

आण्णांनी विजार उलगडली. पाय एकच.

‘आणि दुसरा पाय कुठं घालू?’

‘ह्यातच घाला. रुंद ठेवलाय.’

बटणही एकच होतं. पण ते मात्र सुरेख बसवलं होतं.

आण्णा खाली बसले. ओरडायचंही त्राण उरलं नव्हतं. हात जोडून ते म्हणाले, ‘विसू, माणसाला बाह्या दोन लागतात रे. दोन बाह्या जोड. बाकी काही करू नकोस. दोन बाह्या जोड, आणि मग मला तोंड दाखव.’

‘असं होय.’ शेवटची गाठ मारली. टेप आता वीतभर उरला होता.

घरी आल्यावर ठकूनं सगळं ऐकून घेतलं. मग विसूच्या हातातनं कात्री काढून घेतली. ‘तुम्ही काज करा. कोट मी बघते. आजेसासऱ्यांचा ओटा असा घालवू व्हय?’

ठकूनं दोन दिवसांत कोट उभा केला. थानातलं उरलंसुरलं रेशीम जोडलं, पण जोड कुठं आहे ते देवालाही कळलं नसतं. फक्त उजवी बाही कच्च्या टाक्यावर राहिली, कारण पाहुण्यांची गाडी वेशीत आली. आण्णांनी तसाच कोट घातला. ठकू विसूला म्हणाली, ‘मला आत बायकांत जायला पाहिजे. तुम्ही सुईदोरा घेऊन आण्णांच्या मागं, लोडाआड बसा. बाही निसटली तर टाका घाला. बाकी कशाला हात लावू नका.’

मांडवात श्रीरंगराव आले. डाळिंबी रंगाचा, जरीनं मढवलेला कोट. चालताना ते कुणाला शिवणार नाहीत अशा बेतानं अंग चोरून चालत होते. गावातले लोक म्हणाले, खानदानी चाल आहे. आण्णांनी मोरपंखी छाती पुढं काढली. दोघांनी एकमेकांच्या कोटाकडं बघून मान डोलावली.

‘ओत कुतूर?’ श्रीरंगराव म्हणाले.

‘ओत कुतूर!’ आण्णा म्हणाले.

दोघं गादीवर शेजारी बसले. फोटोवाला म्हणाला, ‘जरा जवळ सरका.’ सरकले. ‘आणखी जवळ. व्याही ना तुम्ही?’ खांद्याला खांदा लागला. आणि त्या दाबादाबीत आण्णांच्या उजव्या बाहीचा कच्चा टाका कर्रकन बोलला.

आण्णा तोंडावरचं हसू न हलवता, ओठाच्या कोपऱ्यातनं म्हणाले, ‘विसू... बाही... जोड...’

विसूनं लोडावरनं डोकं वर काढलं. समोर दोन बाह्या होत्या. अगदी लगटून. एक मोरपंखी, एक डाळिंबी. त्यानं खिशातला टेप काढून गाठी चाचपल्या. दोन बाह्या जोड. बरोबर. विचारत बसायचं नाही, दिसलं की करून मोकळं व्हायचं. बरोबर. हातानं शिवायचं, शेवटचा टाका अंगावरच. बरोबर. आयुष्यात पहिल्यांदा सगळ्या गाठी एकाच कामाला लागल्या होत्या. ठकू काहीतरी म्हणाली होती, पण तिच्या बोलण्याची गाठ मारायला टेपच उरला नव्हता.

त्यानं दोरा दुहेरी घेतला. खांद्यापासून मनगटापर्यंत पक्का बखिया घातला. जाताना एक, येताना एक. फोटोवाला तर फोटो काढत होता, दोघं दगडासारखे बसून हसत होते. कुणालाच पत्ता लागला नाही. शेवटी विसूनं दोरा दातानं तोडला आणि समाधानानं लोडाला टेकला.

भटजी म्हणाले, ‘आता मुलीच्या वडिलांनी उठावं.’

आण्णा उठले. श्रीरंगरावही उठले.

‘तुम्ही बसा, व्याही.’

श्रीरंगराव बसले. आण्णाही बसले.

लोकांना वाटलं, पुण्याकडची रीत असेल. आण्णांनी मान राखायला मिशीवरनं हात फिरवला. श्रीरंगरावांचा हात आपोआप वर आला आणि स्वतःच्याच नाकावर बसला. श्रीरंगरावांनी चिडून हात खाली ओढला, तर आण्णा त्यांच्या मांडीवर आले. मग दोघांनी एकदमच खाली बघितलं.

‘विसू!’

विसू लोडामागनं उभा राहिला. चेहरा उजळलेला. ‘जोडल्या आण्णा. दोन्ही.’

मांडव हसून आडवा झाला. भटजींच्या हातातला साखरेचा पुडा निसटला आणि टायगर कडेनं येऊन तो चाटू लागला.

‘कात्री आणा!’ आण्णा ओरडले. ‘कापा हे!’

‘कापू नका!’ श्रीरंगराव त्यांच्यापेक्षा मोठ्यानं ओरडले. ‘कापू नका हो! उद्या सकाळी दुकानात परत द्यायचाय!’

आण्णांनी शिवणीनं परवानगी दिली तेवढी मान वळवली. ‘परत? म्हणजे भाड्याचा?’

‘तरीच,’ विसू मनापासून म्हणाला. ‘कॉलरच्या आत चिठ्ठी लावलीय, सोळा नंबर. मी म्हटलं, एकच असतो म्हणतात, मग आधीचे पंधरा कुठं गेले?’

श्रीरंगरावांचा चेहरा कोटाच्या रंगाचा झाला. आणि आण्णांना आता व्याह्यावर रागावता येईना, मुलीचे बाप पडले. सगळा राग विसूवर निघाला. ‘विश्या! उद्या नाही, आजच्या आज मशीन उचल! ओटा खाली कर! पुन्हा या गावात सुईला हात लावशील तर बघ!’

विसूनं मान खाली घातली आणि टेप चाचपला. गाठ मारायला जागा नव्हती.

बायकांच्या घोळक्यातनं ठकू पुढं आली. तिनं विसूच्या हातातली सुई घेतली, कुणीतरी आणलेली कात्री घेतली, दोन्ही कमरेला खोचली, आणि पदर सारखा करत म्हणाली,

‘उचलतो की, आण्णा. आत्ताच उचलतो. तुम्ही साताऱ्याला जाऊन दुसरा शिंपी घेऊन या. फक्त निघायच्या आधी पाव्हण्यांना विचारा, त्यांना यायला सवड हाय का.’